दुसरा छर्रा

सकाळी पाणी पिताना मुलीला ठसका लागला. तसं म्हटलं तर काहीच झालं नाही. ती ओट्यापाशी उभी होती, कामावर निघायच्या घाईत, खांद्याला पिशवी, हातात ग्लास. मान मागे टाकून घटाघटा पीत होती आणि मध्येच अडकली. मग ठसका. तोंड लाल झालं, डोळ्यांत पाणी आलं. हातानेच 'काही नाही, काही नाही' अशी खूण करत तिने ग्लास ओट्यावर ठेवला. मी टेबलापाशी बसलो होतो. उठून तिची पाठ चोळायला हवी होती, कोणीही बाप ती चोळतो. मला उठता आलं नाही. टेबलाची कड दोन्ही हातांनी धरून मी तिच्या गळ्याकडे बघत राहिलो. "आईने आठवण काढली असेल," ती म्हणाली, हसली आणि चपला घालून बाहेर पडली. जिना उतरताना पुन्हा एकदा खोकली. मग खालचा दरवाजा वाजला. ओट्यावरच्या ग्लासात थोडं पाणी उरलं होतं. ते हलत होतं. ते स्थिर होईपर्यंत मी तिथून हललो नाही.

बायकोचं असंच सुरू झालं होतं. पाण्याच्या ठसक्यानेच. तेव्हा आम्ही दोघं हसलो होतो. मी म्हणालो होतो, "सावकाश पी, कोणी हिसकावून घेत नाही." ती म्हणाली, "तुमच्या घरात काय भरवसा." नंतर ठसका रोजचा झाला. मग तिच्या बोलण्यातला ळ गेला. केळी म्हणायला गेली की जीभ वर जायची नाही, मधेच कुठेतरी ओली होऊन पडायची. तीच चेष्टा करायची, "माझी जीभ दमली बाई." डॉक्टर मात्र हसले नाहीत. गिळायचे स्नायू हळूहळू काम सोडतात, म्हणाले, मग बाकीचेही सोडतात. तुमच्या माहेरी कोणाला होतं का? बायको म्हणाली, आईला. माझ्या सासूबाईंना सगळे दमेकरी समजत. जेवताना खोकायच्या म्हणून त्या भिंतीकडे तोंड करून एकट्या जेवत. त्यांचं ते वर्षानुवर्षं चाललं. मी लग्न झाल्यावर गेलो तेव्हाही खोकत होत्या, मुलगी शाळेत जायला लागली तेव्हाही. बायकोला इतका वेळ मिळाला नाही. तिचं भराभर झालं.

कामावर पोचलो तेव्हा फाटकापाशी भांडारपाल उभा होता. गोदामाच्या किल्ल्या त्याच्याकडे असतात आणि सगळ्यांना नावं ठेवायचं कामही त्याने स्वतःकडेच घेतलं आहे. "या शेंबूडराव," तो म्हणाला, "आज चेहरा का पडलाय? पाट्या टाकायचा कंटाळा आला की काय?" शेंबूडराव हे माझं नाव. आमच्या प्रयोगशाळेत तेलविहिरींना लागणारा दाट द्रव तपासतात. पाण्यात डिंकाची पूड घालून तो करतात. चमच्याने उचलला तर तार धरतो, टेबलावर सांडला तर पुसता पुसता नाकी नऊ येतात. म्हणून शेंबूड. एरवी मी काहीतरी उलट बोलतो. त्या दिवशी नुसती मान हलवली. तो माझ्याबरोबर चार पावलं चालला आणि हळू आवाजात म्हणाला, "घरी सगळं ठीक आहे ना रे?" मी ठीक आहे म्हणालो.

बायको असताना ती मला नेहमी विचारायची, दिवसभर करता काय हो तिथे? मी सांगायचो, खडे बुडताना बघतो. खरं तर तेवढंच आहे. विहीर खणताना तळाशी दगडाचा भुगा होतो. तो भुगा वर आणायला हा द्रव आत सोडतात आणि पंपाने फिरवत राहतात. पंप चालू आहे तोवर सगळं वर येतं. पण कधीतरी पंप बंद करावा लागतोच. तेव्हा भुग्याचे कण जिथे आहेत तिथेच लटकून राहायला हवेत. द्रवाने त्यांना धरून ठेवायचं. नाही धरलं तर सगळे तळाशी जाऊन बसतात, पाइप त्यात रुततो, आणि मग तो निघता निघत नाही. तर द्रव किती वेळ धरून ठेवील, हे आम्ही इथे आधी बघतो. माणसाच्या उंचीची काचेची उभी नळी, तिच्यावर वर एक लाल रेघ, खाली एक. वरून पोलादी छर्रा सोडायचा. तो एका रेघेपासून दुसरीपर्यंत यायला किती वेळ लागला ते घड्याळात बघायचं. पाण्यात सोडला तर डोळ्याची पापणी लवायच्या आत तळाला. या द्रवात तो असा उतरतो, की बघणाऱ्याला वाटावं त्याला खाली जायचंच नाही. एका छर्ऱ्यानंतर दुसरा लगेच सोडायचा नाही, हा इथला पहिला नियम. थांबायचं. नळीला हात लावायचा नाही, टेबलाला धक्का द्यायचा नाही. मी इतकी वर्षं थांबत आलो. का थांबायचं ते मला सांगितलेलं होतं. पण सांगितलेलं आणि डोळ्यांनी दिसलेलं, यात फरक असतो.

त्या दिवशी मी थांबलो नाही. पहिला छर्रा खाली गेला, वेळ लिहिला, आणि मनात तो ठसकाच चालू होता. घास अडकला होता का? नाही, पाणी होतं. घाईत कोणालाही लागतो. मला नाही लागत का? शेवटचा कधी लागला? आठवेना. आठवायच्या नादात चिमट्याने दुसरा छर्रा उचलला आणि त्याच जागी सोडून दिला. तो पडला. पहिल्यासारखा उतरला नाही. वरची रेघ ओलांडली आणि जणू कोणीतरी खालून बोलावल्यासारखा निघाला, सरळ, पहिला जिथून गेला होता त्याच वाटेने. काचेत वाट दिसत नाही. द्रव स्वच्छ असतो, आरपार भिंतीवरचं घड्याळ दिसतं. काहीच नव्हतं तिथे, आणि तरी त्या छर्ऱ्याला वाट माहीत होती. तळाशी तो पहिल्याला जाऊन टेकला. टक् असा अगदी बारीक आवाज आला. माझ्या अंगावर काटा आला, तो मानेपासून पार पायापर्यंत उतरला. सासूबाई सावकाश गेल्या. बायको भराभर गेली. मी चिमटा टेबलावर ठेवला.

इंजिनिअर मॅडम शेजारच्या टेबलावर होत्या. वयाने माझ्या मुलीच्या आसपास असतील, मला काका म्हणतात. त्यांनी आकडा बघितला, मग माझ्याकडे. "काका, थांबला नाहीत ना?" त्या म्हणाल्या. रागावल्या नाहीत. मी म्हणालो, चुकलं. "चुकू दे, पुन्हा करू. पण बसा आधी. चेहरा बघा तुमचा." मी स्टुलावर बसलो. मला त्यांना विचारायचं होतं आणि कसं विचारावं ते कळत नव्हतं. शेवटी म्हणालो, "मॅडम, दुसरा जोरात का जातो?" त्या जरा चकित झाल्या, मी इतकी वर्षं तिथे असून विचारतोय म्हणून. मग त्यांनी आपली वेणी पुढे घेतली आणि बोटांनी तिची टोकं पिंजली. डिंकाचे कण म्हणजे लांब धागे, त्या म्हणाल्या, एकमेकांत गुंतलेले. त्या गुंत्यामुळेच छर्रा अडून राहतो. पण पहिला जाताना धागे ओढून बाजूला सारून जातो. ते परत गुंतायला वेळ लागतो. तोवर तिथे सैल वाट असते. "दुसऱ्याला आयतीच मिळते," त्या म्हणाल्या. मी विचारलं, वाट कायमची राहते का? "छे. विसरतो तो. पण कोणता द्रव किती वेळात विसरेल, तेच तर आपण शोधतोय काका." मग त्यांनी जरा थांबून विचारलं, "काय झालंय?" मी म्हणालो काही नाही, रात्री झोप झाली नाही. दुपारभर मी नियमाने थांबत राहिलो. पण थांबताना नळीकडे बघवेना.

सुटल्यावर घरी जायचं सोडून मी बसस्थानकाकडे वळलो. मुलगी तिथे काचेच्या खोलीत बसून गाड्यांच्या वेळा पुकारते. तिची आई गेल्यापासून मी तिकडे जातो. तिला सांगितलेलं नाही. खांबाआड, चहाच्या टपरीच्या बाजूला एक बाक आहे, तिथून भोंगा नीट ऐकू येतो. लोक गाडीसाठी कान टवकारतात, मी तिच्या जिभेसाठी. "फलाट क्रमांक चारवर लागलेली गाडी थोड्याच वेळात सुटेल." वेळात. त्या एका शब्दासाठी मी बसलेला असतो. तो नीट आला की छातीतली पकड जरा सुटते, पुढची गाडी लागेपर्यंत. त्या दिवशी 'वेळात' मला ओला वाटला. पुन्हा पुकारलं तेव्हा ठीक वाटला. मग भोंगाच खरखरला. शेजारी एक म्हातारी गाठोडं घेऊन बसली होती. ती म्हणाली, "बाबा, ही काय बोलते? कळतच नाही काही." मी तिच्यावर खेकसलो, "स्पष्ट बोलते. चांगली स्पष्ट बोलते." म्हातारी गाठोडं उचलून पलीकडच्या बाकावर गेली. मला लाज वाटली, पण त्याहून जास्त भीती वाटली. परक्या माणसालाही कळत नाही, म्हणजे मग ते माझ्या मनाचे खेळ नाहीत.

घरी येऊन कपाट उघडलं. वरच्या खणात बायकोच्या गोधडीच्या मागे तो डबा अजून होता. तिला साधं पाणी बंद केलं तेव्हा डॉक्टरांनी लिहून दिला होता. पातळ पाणी गळ्यात भलत्या वाटेने जातं, म्हणाले, घट्ट करून द्या, म्हणजे सावकाश उतरेल. दुकानातून आणला, झाकण उघडलं, बोटांत पूड घेऊन चोळली आणि लगेच ओळखली. आमचीच. तोच डिंक, फक्त जास्त स्वच्छ, छोट्या डब्यात. मी घरी येऊन बायकोला सांगितलं. ती इतकी हसली की तिला पुन्हा ठसका लागला. "आयुष्यभर विहिरींना पाजलंत," ती म्हणाली, "आता मला पाजा." मी छान करायचो ते पाणी. गुठळी होऊ द्यायचो नाही, पूड भुरभुरवत एका हाताने ढवळत राहायचो, चमचा उचलून धार बघायचो. नर्स म्हणायची, काका, तुमच्यासारखं कोणालाच जमत नाही. बायको ते चमच्या चमच्याने घ्यायची आणि तोंड वाकडं करायची. एकदा म्हणाली, "तहान भागत नाही हो याने. पोट भरतं, तहान तशीच राहते." मी म्हणालो, पाणीच आहे ते, सगळं पाणीच आहे. ती खिडकीकडे बघत राहिली. पुढे पुढे ती बोलायची थांबली. तेव्हा खिडकीबाहेर कोणी नळ सोडला तरी तिचे डोळे तिकडे जायचे. ती गेल्यावर मुलीने तिची औषधं, कपडे, चप्पल सगळं काढून दिलं. डबा मी लपवून ठेवला. का ठेवला ते मला तेव्हा ठाऊक नव्हतं. आता डबा हातात धरून उभा होतो तेव्हा कळलं. मी दुसऱ्या छर्ऱ्यासाठी ठेवला होता, मुलीसाठी.

मुलगी आली तेव्हा दिवेलागण झाली होती. "बाबा, पाणी," असं दारातूनच म्हणाली. रोज म्हणते, दिवसभर बोलून तिचा घसा सुकलेला असतो. मी स्वयंपाकघरात गेलो. तिच्या ग्लासात पाणी घेतलं, त्यात चिमूटभर पूड टाकली. जास्त नाही. डोळ्याला कळणार नाही इतकीच. ढवळून उजेडात धरून बघितलं, स्वच्छ होतं. हातांना सवय होती, त्यांनी मला विचारलंच नाही. बाहेर येऊन ग्लास तिच्यापुढे ठेवला आणि समोर बसलो. "काल केळी आणलीस ना, कुठून?" मी विचारलं. ती चप्पल काढता काढता हसली. "बाबा, तुम्ही हल्ली नुसते ळ-चे प्रश्न विचारता. परवा आभाळ कसं आहे विचारलंत, त्याच्या आदल्या दिवशी जांभळी साडी कुठे आहे. केळी कोपऱ्यावरून आणली. पिवळी. वेळेवर. झालं समाधान?" तिने ग्लास उचलला, एक घोट घेतला आणि तसाच तोंडात धरला. माझ्याकडे बघितलं. गिळला. मग ग्लास तिरका केला, पाणी कडेपर्यंत आलं आणि परत जायला जरा वेळ लागला. तेवढ्याने तिला कळलं. आईला चमचा भरवायच्या आधी ती दरवेळी जिभेवर घेऊन बघायची, गरम नाही ना म्हणून.

मला वाटलं ती ओरडेल. ती ओरडली नाही. ग्लास हळूच खाली ठेवून म्हणाली, "सकाळच्या ठसक्याने?" मी मान हलवली. "आणि बसस्थानकावर येऊन बसता ते? काचेतून सगळं दिसतं हो बाबा. टपरीवाला मला विचारतो, तुमचे वडील आले, चहा पाठवू का." तिने डोळे पुसले, मला वाटतं दमल्यामुळे. मी तिला म्हणालो, "माझं डोकं फिरलंय, बाकी काही नाही. घाईत पीत होतीस, लागला ठसका." तिने टेबलावरचा ग्लास बोटाने जरा फिरवला. मग म्हणाली, "घाईत नव्हते. मी रोज तशी पिते. आई गेल्यापासून. मान मागे टाकून, एका दमात, पूर्ण ग्लास. अडकतं का बघते. आजवर कधी अडकलं नव्हतं."

मला त्या क्षणी काय झालं ते नीट सांगता येणार नाही. घर तेच होतं. भिंतीवर दिनदर्शिका होती, खाली कोणीतरी गाडी सुरू करत होतं. पण खोलीतली हवा दाट झाल्यासारखी वाटली, आणि आम्ही दोघं तीत लटकलो होतो, ती जरा खाली, मी जरा वर. मी रोज सकाळी टेबलापाशी बसून तिला पाणी पिताना बघत होतो. घाई आहे पोरीला, असं म्हणत होतो. आणि ती माझ्या डोळ्यांसमोर रोज छर्रा सोडत होती. न थांबता, एकामागून एक.

"रक्ताची एक तपासणी असते," ती म्हणाली. "आईच्या वेळीच डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं. केली की कळतं, आपल्यात आहे का नाही. मी गेले नाही." मी म्हणालो, "जाऊ." "आणि असलं तर?" तिने वाट बघितली. मी काहीतरी बोलायचं म्हणून तिला दुसऱ्या छर्ऱ्याचं सांगायला लागलो, आणि मधेच माझ्या लक्षात आलं मी काय सांगतोय ते. जीभ जागच्या जागी थांबली. "पुढे?" ती म्हणाली. मला सांगावंच लागलं. मॅडमची वेणी, ओढलेले धागे, सैल वाट. तिने सगळं शांतपणे ऐकून घेतलं. "म्हणजे आजीने आईला वाट करून दिली, आणि आईने मला," ती म्हणाली, "असं वाटतंय ना तुम्हाला?" मी म्हणालो, "विसरतो म्हणे तो द्रव. वेळ दिला की विसरतो." "किती वेळ?" "ते अजून कोणालाच माहीत नाही."

ती जरा हसली. तिच्या आईसारखी, एका बाजूने. मग तो ग्लास तिने माझ्यापुढे सरकवला. "प्या," ती म्हणाली. मी म्हणालो, मला कशाला. "प्या तर. इतकी वर्षं करताय, कधी प्यायलात?" मी प्यायलो नव्हतो. कामावर नाही आणि घरीही नाही. धार बघितली होती, गुठळ्या बघितल्या होत्या, वेळ मोजला होता. मी घोट घेतला. पाणीच होतं. पण ते तोंडात फुटलं नाही, पसरलं नाही, एखाद्या गार गोष्टीसारखं जिभेवर बसून राहिलं, आणि गिळलं तेव्हा आतून सगळी वाट चाटत सावकाश उतरत गेलं. मला ते छातीपर्यंत जाणवत होतं. घसा ओला झाला आणि तहान होती तिथेच राहिली. चिमूटभर पुडीचं हे. बायकोला मी त्याच्या कितीतरी पट घट्ट करून देत होतो. मी ग्लास खाली ठेवला आणि मला बायकोचे डोळे दिसले, नळाच्या आवाजाकडे वळलेले. माझं आवरेपर्यंत मुलीने माझ्या मनगटावर हात ठेवला होता.

मग ती उठली, स्वयंपाकघरात गेली. नळ सोडल्याचा आवाज आला. दोन ग्लास भरून आणले, दोन्ही साधे. "उद्या सुट्टी टाका," ती म्हणाली. "तपासणीला जाऊ. तुम्ही बाहेर बसायचं. आत यायचं नाही, आणि डॉक्टरांना ळ-चे प्रश्न विचारायचे नाहीत." मी बरं म्हणालो. तिने ग्लास उचलला आणि सवयीने मान मागे टाकली. माझा हात आपोआप पुढे झाला. "थांब," मी म्हणालो. ती थांबली. मान तशीच, ग्लास ओठांपाशी, डोळे माझ्याकडे. तिच्या गळ्यावरची कातडी ताणली होती, तिथली शीर उडत होती. "तसं नको," मी म्हणालो. "आज तपासायचं नाही. तहान लागलीये ना, तेवढं पी."

तिने मान सरळ केली. मी खुर्ची फिरवून भिंतीकडे तोंड करून बसलो. सासूबाई जेवायला बसत तसा. पाठीमागे तिने एक घोट घेतला, तो गेलेला मला ऐकू आला. दुसरा घेतला. मग काहीच ऐकू येईना. ग्लास टेबलावर ठेवल्याचा आवाज यायला हवा होता. मी भिंतीवरच्या एका पोपड्याकडे बघत राहिलो आणि मान वळवली नाही. मानेचे स्नायू दुखायला लागले, तरी वळवली नाही. मी थांबलो.